गोळी कुटण्याआधी पाकिटावरची दोन अक्षरे वाचावीत

प्रश्न : आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. माझे सासरे 74 वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला. चालणे-बोलणे सुधारले, पण गोळी गिळताना अधूनमधून ठसका लागतो. त्यांना सकाळी पोटासाठी पॅन्टोप्रॅझोल, सकाळ-संध्याकाळ रक्तदाबासाठी निफेडिपिन रिटार्ड 20 मिलिग्रॅम आणि रात्रीच्या जेवणाबरोबर मधुमेहासाठी मेटफॉर्मिन एसआर सुरू आहे. रक्त पातळ ठेवणारी एक गोळीही आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या शौचातून अख्खीच्या अख्खी गोळी पडलेली दिसली. औषध अंगी लागत नाही असे वाटून, सासूबाईंच्या सांगण्यावरून मी सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून मधातून देऊ लागले. पूर्वी वैद्य मात्रा उगाळूनच देत असत, असे त्यांचे म्हणणे. हल्ली मात्र सकाळची औषधे दिली की तासाभरात त्यांना भोवळ येते. एकदा ते न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडले. दुपारनंतर रक्तदाब मोजला तर 170 च्या वर भरतो. रात्री पोटही बिघडते. माझे काय चुकते आहे? माझाही एक प्रश्न आहे. ड-जीवनसत्त्वाची 60,000 युनिटांची पुडी दर रविवारी पाण्यातून घेऊनही माझी पातळी फारशी वाढली नाही. केमिस्ट ‘नॅनो’ प्रकारची महाग बाटली घ्या म्हणतो. आणि पुण्यातले माझे दीर मधुमेहासाठी आठवड्यातून एकच इंजेक्शन घेतात, तसे मामंजींना का देता येऊ नये?

उत्तर : सर्वप्रथम तातडीचे सांगतो. पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा आणि ‘निफेडिपिन रिटार्डची गोळी दोन महिने कुटून देत होते’ हे वाक्य याच शब्दांत सांगावे. ते न सांगता केवळ ‘भोवळ येते, दुपारी रक्तदाब वाढतो’ एवढेच सांगितले, तर त्यांना आणखी एखादी गोळी वाढवावीशी वाटण्याचा संभव आहे. स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये, पण निफेडिपिनची गोळी यापुढे एकदाही कुटू नये. रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू असताना ते पडले होते, म्हणून डोक्याला मार लागला होता का, त्यानंतर डोकेदुखी, गुंगी किंवा वागण्यात काही फरक जाणवला का, हेही त्याच फोनवर सांगावे.

आता त्या शौचात सापडलेल्या गोळीविषयी, कारण सगळा गोंधळ तिच्यापासून सुरू झाला आहे. ती गोळी बहुधा मेटफॉर्मिनची होती आणि ती रिकामी होती. औषधशास्त्राच्या वर्गात आम्ही तिला ‘भूतगोळी’ म्हणत असू. विश्वास बसत नसेल तर घरच्या घरी पाहता येईल: मेटफॉर्मिन एसआरची एक गोळी वाटीभर पाण्यात टाकून रात्रभर झाकून ठेवावी. सकाळी ती विरघळून गेलेली दिसणार नाही. भिजवलेल्या सब्जाच्या बीभोवती जसा बुळबुळीत पारदर्शक थर धरतो, तसा थर धरून ती फुगलेली दिसेल आणि बोटांच्या चिमटीत निसटेल. गोळी तयार करताना औषधाच्या भुकटीत सेल्युलोजपासून बनवलेला एक पदार्थ मिसळलेला असतो आणि ओले झाले की तो असा चिकट जेलीसारखा होतो. मेटफॉर्मिन पाण्यात सहज विरघळते; ते या थरातून हळूहळू वाट काढत तासन्‌तास झिरपत राहते. औषध संपले तरी जेलीचा सांगाडा मात्र पचत नाही, तो आतड्यातून तसाच पुढे सरकतो आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला ‘अख्खी गोळी’ म्हणून दिसतो.

ही गोळी रात्रीच्या जेवणाबरोबरच का द्यायची, याचे उत्तरही यातच आहे. मेटफॉर्मिनचे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात होते आणि तो भाग एकदा मागे पडला की उरलेल्या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. भरल्या पोटी फुगलेली गोळी जठरात अधिक काळ रेंगाळते आणि तिच्यातून झिरपणारे औषध त्या वरच्या भागाला थोडेथोडे मिळत राहते. गोळी कुटली की हा सारा बेत मोडतो: रात्रभर पुरवायचा साठा एकदम आतड्यात उतरतो, आणि पोटात कळ येणे व पातळ शौचास होणे हा मेटफॉर्मिनचा सर्वांना ठाऊक असलेला त्रास सुरू होतो. मामंजींचे रात्रीचे पोट बिघडण्याचे कारण शिळ्या अन्नात शोधण्याआधी खलबत्त्यात शोधावे, असे मला वाटते. औषध अंगी लागते की नाही, हे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी रक्ततपासणी होते तिच्यात दिसते. शौचात ते कळत नाही.

निफेडिपिनचे प्रकरण मात्र पोट बिघडण्यापेक्षा गंभीर आहे. हे औषध रक्तात शिरले की रक्तवाहिन्या झपाट्याने सैल करते आणि तितक्याच झपाट्याने शरीरातून निघूनही जाते. रक्तातले त्याचे प्रमाण दोन ते पाच तासांत निम्म्यावर येते. मी 1980 च्या दशकाच्या अखेरीस रुग्णालयाच्या औषधविभागात उमेदवारी करीत होतो, तेव्हा रक्तदाब फार चढलेला रुग्ण आला की निफेडिपिनच्या मऊ कॅप्सूलला सुईने टोचून आतला पिवळा द्रव त्याच्या जिभेखाली पिळणे हा नित्याचा प्रकार होता. पाऱ्याची रेघ डोळ्यांदेखत खाली येई आणि सगळ्यांना हायसे वाटे. पुढे लक्षात आले की दाब असा एकाएकी कोसळल्यामुळे काहींना हृदयविकाराचा, तर काहींना अर्धांगाचा झटका येत होता. 1990 च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांनी ही पद्धत थांबवा असे स्पष्ट लिहिले आणि ती हळूहळू बंद पडली. रिटार्ड गोळीमुळे हेच औषध सावकाश सुटून दिवसभर पुरते. तुम्ही ती कुटलीत, म्हणजे नकळत त्या जुन्या कॅप्सूलकडे परत गेलात. आठ वाजता दिलेली भुकटी तासाभरात सारी रक्तात, म्हणून भोवळ. दुपारपर्यंत ती बरीचशी संपलेली, म्हणून 170. पत्रातल्या या दोन तक्रारी परस्परविरुद्ध भासतात, पण त्यांचे मूळ एकच असावे. दुरून पत्र वाचून निदान करता येत नाही, हे मान्य. तरी वेळा इतक्या नेमक्या जुळतात की डॉक्टरांनी आधी हीच शक्यता पडताळून पाहावी असे मी सुचवीन.

सासूबाईंना या प्रकरणात दोष देऊ नये, कारण त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. बारीक केलेले औषध लवकर आणि अधिक प्रमाणात शोषले जाते, हे आजच्या औषधनिर्मितीतही पायाभूत तत्त्व आहे. नायट्यावर दिले जाणारे ग्रिसिओफुल्विन पाण्यात फारच कमी विरघळते. ते बारीक दळून दिले तर 500 मिलिग्रॅम लागते, आणि त्याहूनही अतिसूक्ष्म केले तर साधारण 330 ते 375 मिलिग्रॅममध्ये तेच काम होते. औषध तेच असते, फक्त त्याचे कण अधिक बारीक असतात. वैद्य मात्रा उगाळीत आणि मध, तूप किंवा दूध असे अनुपान सांगत, त्यामागचा अनुभवही याच्या फार दूरचा नसावा. मात्र आजच्या गोळीत जे दळायचे ते कारखान्यात आधीच दळून झालेले असते. आणि जी गोळी मुद्दाम सावकाश सुटावी म्हणून बांधली आहे, तिला पुन्हा दळणे म्हणजे नळाला तोटी बसवून घेतल्यावर टाकीच फोडण्यासारखे आहे.

पॅन्टोप्रॅझोलची तऱ्हा आणखी वेगळी आहे. जठरातील आम्ल कमी करणारे हे औषध त्याच आम्लात नासते. म्हणून त्याच्या गोळीवर असे आवरण असते की ते जठरात टिकते आणि आतड्यात, आम्लता उतरल्यावर विरघळते. तिथून औषध रक्तात जाते आणि रक्तातून फिरून जठराच्या भिंतीतील आम्ल तयार करणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचते. इतका वळसा घालून येणाऱ्या औषधाचे चिलखत आपणच खलबत्त्यात उतरवले, तर त्यातले बरेचसे वाटेतच वाया जाते. (हे आवरणाचे तंत्र नवे नाही. हॅम्बुर्गच्या पॉल उन्ना या त्वचारोगतज्ज्ञाने 1884 मध्ये गोळ्यांना केराटिनचा, म्हणजे आपल्या केसा-नखांत असते त्या द्रव्याचा, लेप दिला होता.) ही गोळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी द्यावी, म्हणजे जेवणाने त्या पेशी कामाला लागतात तेव्हा औषध तिथे हजर असते.

मग ठसका लागणाऱ्या माणसाला औषध द्यायचे कसे, हा तुमचा खरा प्रश्न उरतोच. कुटणे थांबवून अख्ख्या गोळ्या बळेच गिळायला लावणे हे त्याचे उत्तर नव्हे. घशात गोळी अडकण्याचा किंवा अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका झटका येऊन गेलेल्या रुग्णाला अधिक असतो. डॉक्टरांकडे जाताना सगळी पाकिटे, अर्धी वापरलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून न्यावीत. प्रत्येक पाकिटावर नावापुढे काय छापले आहे ते पाहावे: एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, पीआर किंवा रिटार्ड असेल तर ती सावकाश सुटणारी गोळी, ‘एंटेरिक कोटेड’ किंवा ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’ असेल तर ती आम्लापासून जपलेली. या दोन्ही जातींच्या गोळ्या कुटायच्या नाहीत आणि चावायच्याही नाहीत. रक्त पातळ ठेवणारी गोळी ॲस्पिरिनची असेल, तर तिच्यावरही असे आवरण असू शकते, म्हणून तेही वाचावे. याउलट डीटी लिहिलेली गोळी मुळातच पाण्यात विरघळवून देण्यासाठी असते. ‘ओडी’ या अक्षरांवर मात्र विसंबू नये, कारण ती गोळी दिवसातून एकदा घ्यायची एवढेच ती सांगतात. ते कशाच्या जोरावर साधले आहे, हे सांगत नाहीत.

हा शेवटचा मुद्दा तुमच्या विशेष कामाचा आहे. रक्तदाबाचे अ‍ॅम्लोडिपिन हे निफेडिपिनच्याच कुळातले औषध आहे, पण ते रक्तातून निम्मे व्हायलाच 30 ते 50 तास लागतात. त्याचा दीर्घ परिणाम गोळीच्या बांधणीत नसून औषधाच्या रेणूतच आहे, म्हणून ते दिवसातून एकदा पुरते आणि त्याची साधी गोळी कुटून दिली तरी दाब असा कोसळत नाही. मामंजींना ते चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. मेटफॉर्मिनची साधी गोळी मिळते. ती दिवसातून दोन-तीनदा जेवणाबरोबर, गरज पडल्यास बारीक करूनही देता येते, फक्त डोस डॉक्टरांनी नव्याने बांधून द्यायला हवा. पॅन्टोप्रॅझोलऐवजी त्याच जातीतले लॅन्सोप्रॅझोल तोंडात विरघळणाऱ्या गोळीच्या रूपात येते. ती जिभेवर फुटली की तिच्यातले बारीक मणी तसेच गिळायचे असतात, कारण आवरण गोळीला नसून त्या प्रत्येक मण्याला असते. काही गोळ्या रेघेवर अर्ध्या करता येतात, पण कुटता येत नाहीत. मेटोप्रोलॉल एक्सएल हे त्याचे नेहमीचे उदाहरण, कारण तिच्यातही शेकडो स्वतंत्र मणी असतात आणि तुकडा केल्याने ते फुटत नाहीत. आणि यापेक्षाही आधी करायचे काम म्हणजे जवळच्या मोठ्या रुग्णालयात स्पीच थेरपिस्टकडून त्यांच्या गिळण्याची तपासणी. हे तज्ज्ञ केवळ बोलणे सुधारण्यासाठी असतात असा समज आहे, परंतु रुग्णाला पातळ पाणी झेपते की दाटसर पदार्थ, हे तेच पाहतात. तपासणी होईपर्यंत औषध देताना त्यांना ताठ बसवावे, आडवे असताना देऊ नये. मधाऐवजी कुस्करलेल्या केळ्याचा घास किंवा चमचाभर दही बरे. मधुमेह्याला रोज तीन वेळा मध कशासाठी?

तुमच्या पुडीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. ड-जीवनसत्त्व तेलात विरघळणारे आहे, पाण्यात नाही. आतड्यात स्निग्ध पदार्थ आला की पित्त सुटते आणि त्याच्या साह्याने हे जीवनसत्त्व आत ओढले जाते. रविवारी तुम्ही पुडी नेमकी केव्हा घेता, हे पत्रात नाही. पण उठल्याबरोबर रिकाम्या पोटी घेत असाल, तर ते कमी प्रमाणात शोषले जात असण्याचा संभव आहे. ती दिवसातल्या सर्वांत भरपूर जेवणानंतर, साय न काढलेल्या दुधातून घ्यावी. ‘नॅनो’ बाटलीत हे जीवनसत्त्व अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात आधीच विखुरलेले असते, म्हणून ते स्निग्ध जेवणावर कमी अवलंबून राहते, आणि ज्यांच्या पित्ताचा किंवा आतड्यांचा आजार आहे त्यांना ते उपयोगी पडू शकते. निरोगी आतड्यांच्या माणसाने आधी वेळ बदलून पाहावी आणि मग पैसे खर्च करावेत, असे माझे मत आहे. 60,000 युनिटांचा आठवड्याचा क्रम मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरताच. हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहते आणि अती झाले तर रक्तातील कॅल्शियम वाढवते.

राहिला प्रश्न दिरांच्या इंजेक्शनचा. औषध शरीरात टिकवण्याची धडपड फार जुनी आहे. पेनिसिलिन प्रथम माणसाला दिले गेले तेव्हा ते लघवीवाटे इतक्या वेगाने निघून जाई की 1941 मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी रुग्णाची लघवी गोळा करून त्यातले पेनिसिलिन वेगळे काढले आणि त्यालाच पुन्हा टोचले. 1944 मध्ये अमेरिकी लष्करातील डॉक्टर रोमान्स्की यांनी ते शेंगदाण्याच्या तेलात आणि मधमाश्यांच्या मेणात कालवून दिले, म्हणजे ते स्नायूत साचून सावकाश सुटेल. पुढे पाण्यात जेमतेम विरघळणारा त्याचा एक क्षार, बेन्झाथिन पेनिसिलिन, तयार झाला. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांना दर 21 दिवसांनी जे दुखरे इंजेक्शन देतात ते हेच, आणि आपल्याकडच्या कित्येक घरांनी ते वर्षानुवर्षे पाहिले आहे.

दिरांचे इंजेक्शन बहुधा सेमाग्लुटाइडच्या जातीचे असावे, आणि तिथे युक्ती निराळी आहे. जेवल्यावर आतड्यातून स्रवणाऱ्या ज्या संप्रेरकाची ही नक्कल आहे, ते मूळ संप्रेरक रक्तात दोनेक मिनिटांत निम्मे होते. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत थोडे फेरफार करून त्याला मेदाम्लाची एक लांब साखळी जोडली. ही साखळी रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते, त्यामुळे औषध मूत्रपिंडातून गळून जात नाही आणि निम्मे व्हायला सुमारे आठवडा लागतो. गोळीच्या बाबतीत असे आठवडाभर टिकवणे अवघड आहे, कारण गोळी स्वतःच एक-दोन दिवसांत शरीराबाहेर पडते. लहान आतड्यातून तर ती तीन-चार तासांत पुढे जाते. म्हणून पोटातून घेण्याच्या गोळीची बांधणी कितीही कौशल्याची असली, तरी तिची धाव साधारण एका दिवसापुरतीच राहते.

सेमाग्लुटाइडची पोटात घेण्याची गोळीही 2019 पासून आली आहे. तिच्यात मिसळलेले एक साहाय्यक द्रव्य जठरात गोळीपुरत्या जागेतील आम्लता कमी करते आणि औषधाला जठराच्या भिंतीतून आत सरकवते. इतके करूनही जेमतेम एक टक्का औषध रक्तात पोहोचते. इंजेक्शनात आठवड्याला 0.5 ते 1 मिलिग्रॅम पुरते, तर मूळ स्वरूपातील या गोळीची सर्वांत मोठी मात्रा रोज 14, म्हणजे आठवड्याला 98 मिलिग्रॅम होते. ती उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, अर्ध्या पेल्याहून कमी पाण्याबरोबर अख्खी गिळावी लागते आणि त्यानंतर अर्धा तास चहा, न्याहारी किंवा दुसरी कोणतीही गोळी घेता येत नाही. ठसका लागणाऱ्या मामंजींसाठी ती सोयीची नाही, हे उघड आहे. आठवड्याच्या इंजेक्शनात गिळण्याची अडचण उरत नाही. परंतु त्याने भूक आणि वजन कमी होते, मळमळही होते, आणि 74 व्या वर्षी झटक्यातून सावरणाऱ्या माणसाचे अंग आणखी उतरणे कितपत परवडेल, हे त्यांचे आजचे वजन, मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि खर्च पाहूनच डॉक्टर सांगू शकतील. भेटीला जाताना त्यांचे गेल्या सहा महिन्यांतले वजन लिहून न्यावे, आणि तीन दिवस सकाळच्या औषधाआधी व नंतर तासाभराने, बसून आणि उभे राहून मोजलेल्या रक्तदाबाचा कागदही सोबत असू द्यावा.